जुगारात रिस्क झेपते म्हणून नाण्यांचं बजेट वाढवावं का?

तुमचा प्रश्न नीट वाचला. तुम्ही अधूनमधून रुलेट खेळता, पत्ते खेळता, नाणी पण जमवता, आणि नाण्यांसाठी वेगळं बजेट असं काही नाहीये, जुगारात जिंकलात की त्या पैशातून नाणं घ्यायचं अशी पद्धत पडलीय. मित्र म्हणतो नाणी हा पण जुगारच आहे. आणि तुम्हाला वाटतं की जुगारात एवढी रिस्क झेपते तर नाण्यांत तेवढीच मोठी रक्कम लावायला काय हरकत आहे. मी बरीच वर्षं नाणी घेतोय, विकतोय, लोकांचे संग्रह विकायला मदत करतोय, त्यामुळे दोन्ही प्रकारची माणसं जवळून बघितलीत. सरळ सांगतो, मित्राचं अर्धं बरोबर आहे, तुमचा हिशोब बरोबर नाही, आणि जिंकलेल्या पैशातून नाणं घ्यायची पद्धत सगळ्यात आधी बंद करा. का ते सांगतो, जरा लांबेल पण पूर्ण वाचा.

पहिलं म्हणजे, रिस्क घ्यायची ताकद माणसात एकच एक असते आणि ती सगळीकडे सारखी चालते हा समजच टिकत नाही. २००२ मध्ये वेबर, ब्लेस आणि बेट्झ या तीन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रश्नावली तयार केली, डॉस्पर्ट नावाने ओळखतात तिला, त्यात पैशाची रिस्क, तब्येतीची, मौजमजेची, सामाजिक, नैतिक अशी प्रत्येक वेगळी मोजली. एकात बिनधास्त असलेला माणूस दुसऱ्यात भित्रा निघू शकतो हे त्यातून दिसलं, आणि पैशाच्या रिस्कमध्ये सुद्धा जुगार आणि गुंतवणूक हे दोन वेगळे गट पडले. आपल्या छंदात हे कायम दिसतं. पत्त्यांत एका रात्रीत मोठी रक्कम घालवून शांत झोपणारा माणूस नाण्याच्या किमतीत पाच टक्क्यांसाठी अर्धा तास घासाघीस करतो, आणि आयुष्यात कधी लॉटरीचं तिकीट न घेतलेला, एकदम हिशोबी माणूस लिलावात रात्री उशिरा बोली लावताना ठरवलेल्या रकमेच्या दुप्पट जातो. त्यामुळे "मला जुगारात झेपतं" यावरून नाण्यांबद्दल काहीच ठरत नाही. त्यातून एवढंच कळतं की चाक फिरताना तुमचं पोट दुखत नाही.

आता आकड्यांकडे येऊ, कारण मित्राचं अर्धं बरोबर का आहे ते इथे आहे. रुलेटच्या एक शून्यवाल्या चाकावर ३७ घरं असतात. एका आकड्यावर १ लावला आणि तो आला तर ३५ मिळतात आणि तुमचा १ परत, म्हणजे हातात ३६. सगळ्या ३७ घरांवर एक एक लावलात तरी ३६ च परत येणार, हा जो फरक आहे तो २.७० टक्के, कॅसिनोचा वाटा. दोन शून्यवाल्या चाकावर ३८ घरं आणि पैसे तेवढेच, म्हणून तिथे ५.२६ टक्के. नाण्यांत काय होतं? तुम्ही डीलरकडून १००० ला घेतलेलं साधं नाणं तसंच दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डीलरकडे नेलं तर ७०० ते ८०० च्या आसपास ऑफर येते, चांगलं, मागणी असलेलं नाणं असेल तर थोडी जास्त, आणि फालतू मटेरियल असेल तर कोणी हात पण लावत नाही. लिलावात घेतलं तर बोलीवर खरेदीदाराकडून प्रीमियम, म्हणजे लिलाववाल्यांचा वरचा आकार, लागतो, बऱ्याच ठिकाणी २० टक्क्यांच्या आसपास, आणि विकताना परत कमिशन कापतात. म्हणजे २.७० टक्के विरुद्ध २० ते ३० टक्के. नुसतं हे बघितलं तर नाणी रुलेटपेक्षा दहापट वाईट दिसतात, मित्र तेच म्हणत असणार.

पण तो वाटा कितीदा कापला जातो हे बघायला हवं आणि सगळा खेळ तिथे आहे. रुलेटवर तासाला समजा ५० वेळा चाक फिरलं आणि तुम्ही दर वेळी १०० लावले तर तासाभरात ५००० ची उलाढाल झाली, त्यावर २.७० टक्के म्हणजे सरासरी १३५ गेले. आठ तास बसलात तर १०८० गेले, म्हणजे तुमच्या एका डावाच्या रकमेच्या दहापटीपेक्षा जास्त, आणि हे फक्त सरासरी सांगतोय, प्रत्यक्षात कधी बरंच वर असाल कधी बरंच खाली. ऑनलाइनला तर चाक याहून जोरात फिरतं. उलट नाणं घेतलं आणि दहा वर्षं ठेवलं तर तो ३० टक्क्यांचा फरक दहा वर्षांत एकदाच कापला गेला, म्हणजे वर्षाला साधारण ३ टक्के, आणि त्या दहा वर्षांत नाणं तुमच्याकडे होतं, तुम्ही ते बघितलं, त्याच्यावर वाचलं, त्याच्या शेजारी दुसरं आणून ठेवलं. हा हिशोब मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि छंदातले जुने लोक पण तो फारसा करत नाहीत.

आता हाच हिशोब उलटा करून बघा. नाणं घेतलं, महिन्यात विकलं, त्या पैशातून दुसरं घेतलं, ते विकलं, असं दर वेळी २५ टक्के सोडत गेलात तर चार फेऱ्यांत १००० चे ३१६ उरतात. चार फेऱ्यांत! म्हणजे झटपट घेऊन झटपट विकणारा जो आहे, ज्याच्याकडे डीलरइतकं ज्ञान पण नाही आणि डीलरसारखी खरेदीची किंमत पण मिळत नाही, तो कुठल्याही कॅसिनोपेक्षा वाईट टेबलावर बसलाय. नाणी जुगार आहेत की नाहीत हे नाण्यावर ठरत नाही, तुम्ही किती वेगाने फिरवता त्यावर ठरतं. जुगाराची सवय असलेल्या माणसाला धोका नेमका इथे आहे कारण त्याला वेगाची सवय झालेली असते, घेतलेलं नाणं कपाटात पडून राहणं त्याला बोअर होतं, आणि मग तो हालचाल हवी म्हणून विकतो.

छंदात काही गोष्टी तर उघड उघड जुगारच आहेत, त्या ओळखून ठेवा. मिस्ट्री बॅग, न शोधलेला गठ्ठा, "यात एक दुर्मिळ नाणं निघू शकतं" असं सांगून विकलेली पाकिटं. विकणाऱ्याने ती न शोधता विकली असतील यावर मी तरी विश्वास ठेवत नाही, इतकी वर्षं बघतोय, ज्याच्या हातात गठ्ठा येतो तो आधी चाळतोच. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं होतं की बक्षीस ठरावीक अंतराने न मिळता कधी मिळेल ते सांगता येत नाही अशा पद्धतीने मिळालं की वागणूक सगळ्यात चिवट होते, सोडवत नाही. स्लॉट मशीन याच तत्त्वावर चालतं आणि मिस्ट्री बॅग पण. "आता पाच पाकिटं रिकामी गेली म्हणजे सहाव्यात निघणार" असं ज्याला वाटतं त्याने १८ ऑगस्ट १९१३ ची मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोतली रात्र आठवावी, रुलेटवर सलग २६ वेळा काळा आला आणि आता तरी लाल येईल म्हणून लोकांनी लाखो घालवले. चाकाला आधीचं काही लक्षात नसतं, पाकिटाला पण नसतं.

याउलट बँकेतून दर्शनी किमतीला नाण्यांची रोल, म्हणजे एकाच किमतीच्या नाण्यांची गुंडाळी, आणून त्यात जुनी किंवा चुकीची छापलेली नाणी शोधणं, हे दिसायला तसंच आहे पण रिस्क शून्य आहे, काही नाही निघालं तर तेवढीच रक्कम परत बँकेत जाते, गेला तो वेळ. शोधायची, उघडून बघायची जी ओढ असते ना, ती ज्यांना भागवायची आहे त्यांना मी नेहमी हाच मार्ग सांगतो.

दुसरा प्रकार ग्रेडिंगचा, म्हणजे नाणं किती चांगल्या अवस्थेत आहे त्याला आकडा देण्याचा. शेल्डन या नाण्यांच्या अभ्यासकाने १९४९ मध्ये १ ते ७० ची पट्टी आणली, मुळात अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंट नाण्यांसाठी, आणि पुढे १९८६ ला पीसीजीएस आणि १९८७ ला एनजीसी या ग्रेडिंग करणाऱ्या कंपन्या आल्यावर नाणी ग्रेड करून सीलबंद प्लॅस्टिकच्या स्लॅबमध्ये मिळायला लागली. ही चांगलीच गोष्ट झाली, खरं खोटं कळायला लागलं. पण त्यातून एक खेळ सुरू झाला तो म्हणजे ६४ चं नाणं स्लॅब फोडून परत पाठवायचं, ६५ मिळालं तर किंमत उडी मारते. समजा ६४ ला नाणं १०० चं आहे, ६५ ला २५० चं. पंधरा टक्के वेळा वर जाईल, पंचाहत्तर टक्के वेळा तेच येईल, दहा टक्के वेळा खाली येऊन ७० चं होईल असं धरा, आणि फी, पोस्टेज सगळं मिळून २० खर्च. आता गुणाकार करा: ३७.५ अधिक ७५ अधिक ७ म्हणजे ११९.५, त्यातून २० वजा, उरले ९९.५. म्हणजे एवढा सगळा उपद्व्याप करून सरासरीने तुम्ही अर्धा रुपया खाली. शक्यता मी उदाहरणासाठी धरल्यात, पण ज्याला स्वतःच्या नाण्याचा ग्रेड डोळ्याने अचूक ओळखता येत नाही त्याने याहून बऱ्या शक्यता धरू नयेत. लोक वर गेलेलं एक नाणं सगळ्यांना दाखवतात आणि तसंच परत आलेली सात विसरून जातात, जुगारी माणूस जिंकलेला डाव सांगतो तसंच अगदी.

लिलावाबद्दल पण थोडं. लिलावात नाणं कोणाला जातं, तर ज्याने त्याची किंमत सगळ्यात जास्त धरली त्याला, म्हणजे जिंकणाऱ्यानेच जास्त मोजलेत ही शक्यता कायम असते. त्यात घड्याळ चालू असतं, समोरचा वाढवतो, आपण वाढवतो. इथे जुगाराची सवय असलेल्याला टेबलावरचीच भावना येते आणि ती ओळखीची असल्यामुळे धोक्याची वाटत नाही. उपाय एकच, बोली आधी ठरवून एकदाच टाका आणि लिलाव बघू नका. आणि ठरवताना प्रीमियम आतून काढा: एकूण १००० द्यायची तयारी आहे आणि प्रीमियम २० टक्के आहे तर तुमची कमाल बोली ८३३ आहे, १००० नाही. पोस्टेज असेल तर अजून कमी.

आता तळाचा मुद्दा, म्हणजे किती खाली जाऊ शकतं. रुलेटवर डाव हरला की रक्कम शून्य. खरं नाणं सहसा शून्य होत नाही, त्यात सोनं चांदी असेल तर तळ आणखी वर असतो. सॉव्हरिन हे ब्रिटिश सोन्याचं नाणं घ्या, वजन ७.९८ ग्रॅम, २२ कॅरेट, त्यात शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. तुम्ही साधं सॉव्हरिन सोन्याच्या भावापेक्षा पाच सहा टक्के जास्त देऊन घेतलं तर छंदाची रिस्क त्या पाच सहा टक्क्यांवर आहे, बाकी सोन्याची रिस्क. पण तेच दुर्मिळ सालाचं नाणं धातूच्या दहापट किमतीला घेतलं तर नव्वद टक्के रक्कम ही पुढचा माणूस पण तेवढीच किंमत देईल या विश्वासावर उभी आहे. बजेट करताना मी हे दोन भाग वेगळे लिहितो, धातूचे पैसे एका बाजूला आणि दुर्मिळपणाचे दुसऱ्या, आणि झेपतं का हा प्रश्न दुसऱ्या आकड्याला विचारतो. धातू म्हणजे सेफ असं पण समजू नका हं. जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला ५० डॉलरच्या जवळ गेली होती, हंट या श्रीमंत अमेरिकन भावांनी साठा केला होता तेव्हा, आणि मार्चअखेर ती ११ डॉलरच्या खाली आली. परत ५० च्या जवळ पोचायला २०११ उजाडलं.

छंदातलीच एक गोष्ट सांगतो कारण तुमच्या प्रश्नाला ती बरोबर लागू होते. १९५० साली अमेरिकेत डेन्व्हर टांकसाळीत पाच सेंटची नाणी फक्त २६,३०,०३० पाडली, जेफरसन निकेल म्हणतात त्या पाच सेंटच्या नाण्यांच्या सिरीजमध्ये सगळ्यात कमी. हे सगळ्यांना लगेच कळलं त्यामुळे लोकांनी ती वापरात न आणता रोलच्या रोल दाबून ठेवल्या. साठच्या दशकात रोल घेण्याची लाट आली आणि १९६४ च्या सुमाराला ४० नाण्यांची एक रोल साधारण १२०० डॉलरला गेली, म्हणजे पाच सेंटचं नाणं तीस डॉलरला! मग लाट ओसरली आणि भाव कोसळला, कारण ज्यांच्याकडे रोल होत्या त्यातल्या बहुतेकांना निकेलचा संग्रह करायचाच नव्हता, सगळ्यांना पुढच्याला विकायचं होतं, आणि नाणी तर सगळी कोरी जपून ठेवलेली, दुर्मिळ कसली. आजही ते नाणं कोणालाही सहज मिळतं. संख्या कमी आहे एवढ्यावर मोठी रक्कम लावणाऱ्याने हे नाणं एक घेऊन समोर ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

आणि सगळ्यात वरच्या टोकाला काय होतं ते पण बघा, कारण लोक तिथल्या बातम्या वाचून स्वतःचं बजेट ठरवतात. १७९४ चा एक चांदीचा डॉलर, फ्लोइंग हेअर म्हणतात तो, जानेवारी २०१३ मध्ये १,००,१६,८७५ डॉलरला गेला. तेच नाणं २०२२ मध्ये १ कोटी २० लाख डॉलरला विकलं गेलं. बातमी जबरदस्त, पण नऊ वर्षांत वीस टक्के म्हणजे वर्षाला साधारण २ टक्के, तेही खर्च न धरता. १९३३ चा वीस डॉलरचा सोन्याचा डबल ईगल २००२ मध्ये ७५,९०,०२० डॉलरला गेला (शेवटचे ते २० डॉलर नाणं अधिकृत चलन करून घेण्यासाठी सरकारला दिलेले, मला हा तपशील फार आवडतो) आणि जून २०२१ मध्ये १,८८,७२,२५० ला. १९ वर्षांत अडीच पट, वर्षाला पाच टक्क्यांच्या आत. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध नाण्यांचं हे आहे, तर आपल्या नाण्यांतून परतावा येईल असं धरून बजेट वाढवू नका. बजेट असं ठेवा की उद्या विकायची वेळ आली आणि निम्मेच आले तरी घरातलं काही अडणार नाही.

आता तुमच्या पद्धतीवर येतो, जिंकलेल्या पैशातून नाणी. थेलर आणि जॉन्सन या दोन संशोधकांनी १९९० मध्ये दाखवलं होतं की नुकत्याच जिंकलेल्या पैशावर माणूस जास्त रिस्क घेतो, तो पैसा त्याला आपला वाटतच नाही, कॅसिनोचा वाटतो. मग त्या पैशातून नाणं घेताना काय होतं, भिंग नीट लावलं जात नाही, घासलेलं किंवा साफ केलेलं नाणं नजरेतून सुटतं, किंमत तपासली जात नाही, "फुकटचेच आहेत" म्हणून चारदोन टक्के काय दहावीस टक्के जास्त दिले जातात. मी पाहिलेल्या संग्रहांत सगळ्यात चुकीची घेतलेली नाणी बहुतेक वेळा अशाच पैशातून आलेली असतात, बोनस, जिंकलेली रक्कम, अचानक आलेलं काही. दुसरं म्हणजे तुम्ही जिंकलेल्या रात्री मोजताय, हरलेल्या नाही. हरलेल्या रात्रीचे पैसे पगारातून गेले आणि जिंकलेल्या रात्रीचे नाण्यात आले, म्हणजे ते नाणं खरं तर पगारातूनच आलंय, फक्त मध्ये कॅसिनोने आपला वाटा काढून घेतला. वर्षभराचा जुगाराचा निव्वळ आकडा काढा, जमा वजा खर्च, तो जर उणे असेल, आणि २.७० टक्क्यांचं गणित बघता बहुतेकांचा उणेच असतो, तर जिंकलेला पैसा नावाची गोष्ट तुमच्याकडे नाहीये.

म्हणून दोन वेगळे कप्पे करा आणि मधला दरवाजा बंद. नाण्यांचं बजेट दर महिन्याला उत्पन्नातून ठरलेलं, लहान असलं तरी चालेल, पण नियमित. जुगाराची रक्कम करमणुकीच्या खर्चात, गेली असंच धरून, आणि त्या महिन्यात संपली की संपली. जिंकलात तर ते बचतीत टाका, नाण्यात नको. आणि उलट दिशेने तर अजिबात नको, म्हणजे हरलेलं भरून काढायला नाणं विकणं. ज्याला घाईत पैसे हवेत त्याला नाण्याची सगळ्यात वाईट किंमत मिळते, समोरच्याला ते चेहऱ्यावरून कळतं.

महिन्याचं बजेट कसं वापरायचं यात जुगाराची सवय अजून एका ठिकाणी दिशाभूल करते. टेबलावर छोटे छोटे डाव लावले की पैसा जास्त वेळ टिकतो, म्हणून लोकांना वाटतं नाणी पण स्वस्त आणि भरपूर घेतली की रिस्क कमी. इथे बरोबर उलटं आहे. स्वस्त नाण्यांत खरेदी विक्रीचा फरक टक्क्यात सगळ्यात मोठा असतो, विकताना डीलर ढिगाने तोलतो. वर्षाचे बारा हप्ते साठवून एक दोन चांगली, मागणी असलेली, खात्रीची नाणी घेतलेला माणूस विकताना जवळजवळ नेहमी जास्त बऱ्या स्थितीत असतो. अट फक्त एक, ज्या सिरीजमध्ये मोठी रक्कम घालणार तिच्यावर आधी अभ्यास झालेला हवा, वजन, व्यास, कडा, नेहमीच्या नकली कशा ओळखायच्या, साफ केलेला पृष्ठभाग कसा दिसतो. तोपर्यंत बजेटचा मोठा भाग पुस्तकांवर, चांगल्या भिंगावर आणि वजनकाट्यावर गेला तरी चालेल. बेल लॅबमध्ये काम करणाऱ्या जॉन केलीने १९५६ मध्ये एक सूत्र मांडलं, तुमची बाजू जेवढी वरचढ त्या प्रमाणातच पैसे लावा, आणि बाजू वरचढ नसेल तर सूत्राचं उत्तर शून्य येतं. रुलेटवर ते कायम शून्य आहे, तुम्ही कितीही वर्षं खेळा. नाण्यांत ते अभ्यासाने शून्याच्या वर नेता येतं, दुसऱ्याला न दिसलेला छापातला फरक तुम्हाला दिसला की तिथे तुमची बाजू वरचढ असते. या दोन गोष्टींत मला दिसणारा सगळ्यात मोठा फरक हा आहे आणि मित्राला तो सांगा.

शेवटी एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाही पण मी सांगणारच. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसोपचार तज्ज्ञ वापरतात त्या अमेरिकन पुस्तिकेत, जुगाराच्या विकाराची नऊ लक्षणं दिली आहेत आणि बारा महिन्यांत त्यातली चार किंवा जास्त दिसली तर तो विकार धरतात. तोच थरार यायला रक्कम वाढवत जावी लागणं, कमी करायला गेलं की चिडचिड, थांबायचे प्रयत्न फसणं, सतत तेच डोक्यात, मन खराब असलं की खेळणं, हरलेलं परत मिळवायला दुसऱ्या दिवशी जाणं, किती घालवले ते लपवणं, नातं किंवा नोकरी पणाला लागणं, दुसऱ्यांकडून पैसे मागायची वेळ येणं. ही जुगारासाठी आहेत, नाण्यांसाठी अशी यादी नाही. पण जुगाराच्या जागी लिलाव हा शब्द घालून ती एकदा प्रामाणिकपणे वाचा. घरी आलेलं पार्सल लपवणं, किंमत निम्मी सांगणं, मागच्या लिलावात हुकलं म्हणून या वेळी काहीतरी घ्यायचंच, हे मी चांगल्या चांगल्या संग्राहकांत पाहिलंय आणि दरवेळी वाईट वाटलंय कारण ती माणसं नाण्यांवर खरं प्रेम करणारी होती.

ज्यांना जुगाराचा त्रास आधीच झालाय आणि ते सोडून नाण्यांकडे आलेत, अशा लोकांना मी लाइव्ह लिलाव आणि मिस्ट्री बॅग या दोन गोष्टींपासून पूर्ण लांब राहायला सांगतो. ठरलेल्या किमतीची खरेदी करा, नाणं आवडल्यावर दोन दिवस थांबा, खरेदीची वही घरातल्या दुसऱ्या माणसाला दिसेल अशी ठेवा, आणि ओढ आवरत नसेल तर डॉक्टरांशी बोला, नाण्यांच्या बजेटने तो प्रश्न सुटत नाही. तुमच्या बाबतीत तेवढं असेल असं तुमच्या प्रश्नावरून वाटत नाही. तुम्ही आत्ता एवढंच करा की मागच्या बारा महिन्यांचा जुगाराचा निव्वळ आकडा आणि नाण्यांवर गेलेला एकूण खर्च एका कागदावर शेजारी शेजारी लिहा, प्रत्येक नाण्यापुढे ते कुठल्या पैशातून आलं तेही लिहा. मग त्यातली कुठली ठेवायची आणि कुठली काढायची, त्यावर सविस्तर बोलू.